संशोधकांचे प्रश्न : प्रबंध सादर करण्यापासून मौखिक परीक्षेपर्यंत

पीएच.डी.च्या प्रबंधासंबंधी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांचे विषय वेगवेगळे आहेत, पण अडचणी बहुतेक त्याच त्या आहेत : मुदत संपत आली आहे, प्रबंध पुरा झाला की नाही याचा निर्णय होत नाही आणि मौखिक परीक्षेची धास्ती वाटते. उत्तरांत नियमांचे जे उल्लेख येतील ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांतील आहेत. हे किमान निकष असल्यामुळे विद्यापीठे आपल्या अध्यादेशाने त्यांत भर घालू शकतात. म्हणून कोणताही अर्ज करण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाचा चालू अध्यादेश प्रत्येकाने स्वतः वाचावा. ऐकीव माहितीवर विसंबून संशोधकांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझी नोंदणी २०१९ सालची आहे. मधल्या काळात बाळंतपणामुळे काम थांबले आणि सहा वर्षे उलटली. विभागात कुणी म्हणते की आता नवे नियम आले असून शोधनिबंध छापण्याची अट गेली. कुणी म्हणते की महिलांना दहा वर्षे मिळतात. यातले खरे काय? — एक संशोधिका, अर्थशास्त्र

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या आपल्याला लागू नाहीत. आयोगाचे सध्याचे पीएच.डी. विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यांतच असे स्पष्ट केले आहे की ११ जुलै २००९ पासून या अधिसूचनेपर्यंत ज्यांची नोंदणी झाली, त्यांना २००९ चे किंवा २०१६ चे, म्हणजे नोंदणीच्या वेळी जे लागू होते ते विनियम लागू राहतील. आपण २०१९ च्या असल्यामुळे आपले नियम २०१६ चे.

त्या नियमांनुसार कमाल मुदत सहा वर्षांची असून महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची सवलत मिळू शकते. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूदही त्यांत आहे. त्यापुढील वाढ विद्यापीठाच्या अध्यादेशावर अवलंबून असते. ही सवलत आपोआप मिळेल असे मात्र धरून चालू नका. तिच्यासाठी अर्ज करा, तो मुदत संपण्याच्या आत करा आणि त्याची पोच जपून ठेवा. मुदत नेमकी कोणत्या तारखेपासून मोजतात, प्रवेशाच्या की नोंदणी मंजूर झाल्याच्या, हे पीएच.डी. कक्षाला लेखी विचारून घेणेही आवश्यक आहे, कारण या दोन तारखांत कित्येकदा काही महिन्यांचे अंतर असते.

शोधनिबंधाची अट २०१६ च्या विनियमांत आहे : प्रबंध सादर करण्यापूर्वी तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांत किंवा चर्चासत्रांत दोन निबंधांचे वाचन, पुराव्यासह. ही अट २०२२ च्या विनियमांतून वगळली गेली, तरी आपल्यासाठी ती कायम आहे. दहा वर्षांचा हिशेबही २०२२ नंतर प्रवेश घेतलेल्यांचा आहे : सहा वर्षे, पुनर्नोंदणीची जास्तीत जास्त दोन, आणि महिला व अपंग संशोधकांना आणखी दोन. शेवटच्या घाईत पैसे भरून कुठेतरी निबंध छापून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करू नका. असा निबंध पुढे आपल्या नावावर कायमचा राहतो आणि मुलाखतीत तोच पहिला काढला जातो.

प्रश्न : माझ्या पाच प्रकरणांचा मसुदा तयार आहे. दर भेटीत मार्गदर्शक 'अजून थोडे बघा' असे म्हणतात आणि मलाही प्रत्येक वाचनात काहीतरी राहिल्यासारखे वाटते. प्रबंध पुरा झाला हे ओळखायचे कसे? — एक संशोधक, समाजशास्त्र

आपल्या पत्रातला हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मुदतीचे आणि अर्जांचे प्रश्न कार्यालयात विचारता येतात, हा मात्र ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

२०२२ च्या नियमांच्या दृष्टीने सांगायचे तर, अभ्यासक्रमाचे म्हणजे कोर्सवर्कचे किमान १२ श्रेयांक पूर्ण असणे, त्यांत ५५ टक्के गुण किंवा समतुल्य श्रेणी असणे, संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडलेली असणे आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी त्याच समितीपुढे, विभागातील अध्यापक व विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत, संपूर्ण कामाचे पूर्वसादरीकरण केलेले असणे एवढे पुरते. परंतु या सगळ्यावर सह्या झाल्या म्हणून प्रबंध पुरा होत नाही, हे आपण जाणताच.

माझ्या मते प्रबंध पुरा होण्याचा अर्थ विषय संपणे असा नाही. तो कधीच संपत नाही. आपण कुठवर पोचलो आणि कुठे थांबलो, हे नेमक्या शब्दांत सांगता आले की प्रबंध पुरा झाला. ही कसोटी लावण्याची एक साधी रीत आहे. नोंदणीच्या वेळी मंजूर झालेल्या आराखड्यातील उद्दिष्टे एका कागदावर डाव्या बाजूला उतरवा आणि शेवटच्या प्रकरणातील निष्कर्ष उजव्या बाजूला. कोणत्या उद्दिष्टासमोर निष्कर्ष नाही आणि कोणता निष्कर्ष कोणत्याच उद्दिष्टातून आलेला नाही, हे लगेच दिसते. पहिल्या प्रकारची जागा रिकामी असेल तर काम उरले आहे. दुसऱ्या प्रकारचे निष्कर्ष फार असतील तर काम आधीच वाढले आहे आणि कापण्याची वेळ आली आहे. एखादे उद्दिष्ट वाटेत सोडावे लागले असेल तर ते का सोडले हे पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहावे. ते गुपचूप गाळलेले परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

आता एका वाक्यापुरते उदाहरण घेऊ. समजा, ऊसतोडणीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होतो, हा विषय आहे. मसुद्यातील निष्कर्ष असा : 'हंगामी स्थलांतरामुळे मुले शाळा सोडतात.' वाक्य ठसठशीत आहे आणि कदाचित खरेही असेल, परंतु संशोधकाने प्रत्यक्षात दोन शालेय वर्षांच्या हजेरीपटांची पाहणी केली होती आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंद त्याच्याकडे नव्हतीच. मग निष्कर्ष असा व्हायला हवा : 'पाहणीतील गावांत, आजी-आजोबांजवळ गावी राहिलेल्या मुलांपेक्षा आईवडिलांसोबत फडावर गेलेल्या मुलांची हंगामातील हजेरी कमी आढळली, हंगामानंतर ती कितपत भरून निघते हे दोन वर्षांच्या नोंदींवरून सांगता येते, शाळागळतीविषयी मात्र या सामग्रीवरून विधान करता येत नाही.' दुसरे वाक्य लांब आणि काहीसे रुक्ष आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द संशोधकाच्या वह्यांतून निघालेला आहे. मौखिक परीक्षेत पहिल्या वाक्यावर अर्धा तास बचाव करावा लागेल. दुसऱ्यावर कुणी बोट ठेवले तर हजेरीपट पुढे करता येईल. शेवटचे प्रकरण या नजरेने एकदा वाक्यावाक्याने तपासा. जिथे 'मुळे' लिहिले आहे तिथे 'सोबत आढळले' एवढेच आपल्याला ठाऊक आहे का, हे विचारा.

मार्गदर्शकांच्या 'अजून थोडे बघा'विषयी असे सुचवीन की पुढच्या भेटीला मसुद्यासोबत वरचा कागद न्या आणि 'कोणत्या उद्दिष्टापुरते काम अपुरे वाटते' असे आदराने पण स्पष्ट विचारा. मोघम शंकेला मोघमच उत्तर मिळते. बहुतेक मार्गदर्शक असा नेमका प्रश्न आला की नेमकी जागा दाखवतात, आणि त्या भेटीची दोन ओळींची टिपणी त्यांना त्याच दिवशी पाठवून ठेवली तर पुढे कुणालाच विसर पडत नाही.

प्रश्न : साम्य तपासणीच्या अहवालात माझ्या प्रबंधाचे साम्य २७ टक्के आले आहे. त्यातला मोठा भाग माझ्याच छापलेल्या निबंधांशी जुळतो. आता काय करावे? — एक संशोधक, रसायनशास्त्र

वाङ्मयचौर्यासंबंधीचे आयोगाचे विनियम २०१८ चे आहेत. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत साम्य असल्यास सहा महिन्यांपेक्षा अधिक नसलेल्या ठरावीक मुदतीत सुधारित मसुदा द्यावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास सुधारित मसुदा देण्यास एक वर्ष मनाई होते आणि साठच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले तर पदवीही काही काळ स्थगित होऊ शकते. साम्य मोजताना योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, तसेच सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हे आणि प्रमाण समीकरणे वगळायची असतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे किंवा सर्वज्ञात शब्दप्रयोगही मोजणीबाहेर आहेत.

म्हणून प्रथम हे पाहा की आपला अहवाल या गोष्टी वगळून काढला आहे की नाही. ग्रंथालयात अनेकदा तो जसाच्या तसा काढून दिला जातो आणि संदर्भसूचीच त्यात मोठी भर घालते. स्वतःच्या निबंधांच्या बाबतीत लपवाछपवी नको. कोणत्या प्रकरणाचा कोणता भाग कोणत्या निबंधात पूर्वी आला आहे हे प्रकरणाच्या आरंभी लिहा, निबंधाचा संदर्भ द्या आणि सहलेखक असतील तर त्यातले आपले काम कोणते तेही सांगा. अशा मजकुरासाठी मार्गदर्शकांचे लेखी स्पष्टीकरण जोडण्याची पद्धत आपल्या विद्यापीठात आहे का, ते विचारून घ्या.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आकडा खाली आला म्हणजे लेखन निर्दोष झाले असे नाही. इंग्रजी लेखातला युक्तिवाद मराठीत उतरवून श्रेय न देता मांडला तर तपासणीची प्रणाली बहुधा गप्प राहते, आणि तरीही ते चौर्यच असते. शब्द इकडेतिकडे फिरवून टक्केवारी उतरवून देणारे काही जण विद्यापीठांच्या आसपास वावरतात. त्यांच्या हाती गेलेल्या प्रबंधांतली वाक्ये परीक्षकाला चटकन ओळखू येतात, कारण त्यांत संज्ञा बिघडलेल्या असतात : रसायनशास्त्राच्या प्रबंधात 'द्रावण' या शब्दाला पर्याय म्हणून काहीतरी भलतेच आलेले असते. आपले काम आपल्याच शब्दांत नव्याने लिहिणे हा वेळ खाणारा मार्ग आहे, पण दुसरा मला ठाऊक नाही.

प्रश्न : माझ्या एका बहिःस्थ परीक्षकांनी किरकोळ दुरुस्त्यांसह प्रबंध स्वीकारला आणि दुसऱ्यांनी नाकारला. सगळे संपले का? — एक संशोधिका, इतिहास

नाही. प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शक आणि त्या विद्यापीठाच्या सेवेत नसलेले किमान दोन बहिःस्थ परीक्षक करतात. दोघांपैकी एकानेच नकार दिला असेल, तर विद्यापीठाने मंजूर यादीतील पर्यायी बहिःस्थ परीक्षकाकडे प्रबंध पाठवायचा असतो. त्यांनी स्वीकृतीची शिफारस केली तर मौखिक परीक्षा होते. त्यांनीही नाकारला तर मात्र प्रबंध फेटाळला जातो आणि संशोधक त्या पदवीसाठी अपात्र ठरतो. सादर केल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापनाची सर्व प्रक्रिया पूर्ण व्हावी असे विनियम म्हणतो. त्यामुळे विलंब होत असल्यास विनियमाचा उल्लेख करून कुलसचिवांकडे लेखी विचारणा करण्यात काहीही गैर नाही.

दरम्यान नकाराचा अहवाल मिळवून तो मन शांत असताना वाचा. इतिहासाच्या प्रबंधांवर येणारे नकार पुष्कळदा निष्कर्षांपेक्षा साधनांविषयी असतात : मूळ दप्तर न पाहता छापील निवडीवर काम केले आहे, किंवा एकाच बाजूची साधने वापरली आहेत. आक्षेप खरा असेल तर तो पर्यायी परीक्षकालाही दिसणार आहे, म्हणून त्याचे उत्तर आतापासून तयार ठेवा. ज्यांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आहेत त्यांच्यासाठी तीन रकान्यांचा तक्ता करा : परीक्षकांची सूचना, केलेला बदल, आणि पृष्ठ क्रमांक. एखादी सूचना मान्य नसेल तर मधल्या रकान्यात कारण लिहा. अशा तक्त्याने परीक्षकाचा वेळ वाचतो आणि संशोधकाने अहवाल गांभीर्याने घेतला हेही त्याला दिसते.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी मौखिक परीक्षा आहे. सभागृहात सगळ्यांसमोर उत्तर आले नाही तर काय, या विचाराने झोप येत नाही. तयारी कशी करावी? — एक संशोधक, मराठी साहित्य

मौखिक परीक्षा खुली असते हे खरे. समितीत मार्गदर्शक आणि दोनपैकी किमान एक बहिःस्थ परीक्षक असतात आणि सल्लागार समितीचे सदस्य, अध्यापक, संशोधक व विद्यार्थी यांना उपस्थित राहता येते. ती दूरस्थ पद्धतीनेही घेता येते. परंतु एक दिलासा देणारी गोष्ट लक्षात ठेवावी : दोन बहिःस्थ परीक्षकांनी प्रबंध स्वीकारार्ह ठरवल्याशिवाय ही परीक्षा होतच नाही. आपल्यासमोर बसलेली व्यक्ती आपले काम वाचून, ते पदवीच्या योग्यतेचे आहे असे लिहून देऊन आलेली असते.

परीक्षकांच्या अहवालांत प्रश्न लिहिलेले असतील तर त्यांची लेखी उत्तरे तयार करा. परीक्षेचा बराचसा भाग तिथूनच निघतो. सादरीकरणात प्रकरणे ओळीने सांगत बसू नका, कारण परीक्षकांनी ती वाचलेली आहेत आणि श्रोत्यांना ती अर्ध्या तासात कळणार नाहीत. मूळ प्रश्न कोणता होता, आपल्याआधी त्याविषयी कोणी काय म्हटले, आपण कोणती सामग्री कशी तपासली, काय हाती लागले आणि कशाविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, एवढे सांगा. सादर केलेल्या प्रबंधाची तंतोतंत तीच प्रत, त्याच पृष्ठक्रमांकांची, समोर ठेवा. 'पान अमुकवर आपण असे म्हणता' असे परीक्षक म्हणाले आणि आपल्या संगणकातल्या सुधारित प्रतीत ते पान भलतीकडे निघाले की चांगला तयार संशोधकही गोंधळतो.

साहित्याच्या प्रबंधात हमखास येणारे प्रश्न निवडीविषयीचे असतात. याच लेखिका का, हाच कालखंड का, अमुक कादंबरी का वगळली, ही समीक्षापद्धती मराठी साहित्यकृतीला लावताना काय अडचण आली? 'मार्गदर्शकांनी सुचवले' हे यातल्या कशाचेही उत्तर नाही. कालखंडाची सीमा १९७५ ठेवली असेल तर त्या वर्षी साहित्यव्यवहारात असे काय बदलले, की ती केवळ सोय होती, हे सांगता आले पाहिजे. सोय असेल तर तसे सांगावे. सोयीची सीमा असणे हा दोष नाही. तिला नंतर तात्त्विक कारण चिकटवले की ते उघडे पडते.

उत्तर न येण्याची आपल्याला सर्वाधिक भीती आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रबंधात असायलाच हवे ते आले नाही तर अडचण होते, पण असे प्रश्न मोजके असतात आणि त्यांची तयारी होऊ शकते. बाकीच्यांसाठी 'हा भाग मी तपासलेला नाही. तपासायचा झाल्यास त्या काळातील नियतकालिके पाहावी लागतील' असे उत्तर पूर्ण प्रतिष्ठेचे आहे. परीक्षकाची प्रत्येक सूचना 'होय सर, बरोबर आहे' म्हणून मान्य करणारे संशोधक मी परीक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटले आहे, कारण त्यांच्या प्रबंधात त्या आक्षेपाचे उत्तर छापलेले असते. पुराव्यावर आधारलेले मत नम्रपणे पण ठामपणे धरून ठेवा. पुरावा अपुरा निघाला तर तेवढ्यापुरते ते मागे घ्या. दोन्ही गोष्टी एकाच तासात घडू शकतात.

परीक्षेपूर्वी आपल्या विषयाबाहेरच्या दोघातिघांना समोर बसवून एकदा सराव करा. विषयातले मित्र मान डोलावतात. बाहेरचा माणूस 'म्हणजे काय?' असे विचारतो, आणि तेच विचारले जाण्याची गरज असते. मार्गदर्शकांनाही आधीच विनंती करून ठेवा की उत्तर अडले तरी त्यांनी आपल्या वतीने बोलू नये. ते बोलतात ते काळजीपोटी, पण त्यामुळे परीक्षकाच्या मनात नसलेली शंका निर्माण होते.

प्रश्न : माझे मार्गदर्शक पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. मला मार्गदर्शक बदलावा लागेल का? — एक संशोधक, वनस्पतिशास्त्र

निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या अध्यापकांना नवे संशोधक घेता येत नाहीत, मात्र आधी नोंदणी झालेल्यांना ते निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात आणि त्यानंतर वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात, असे २०२२ चे विनियम सांगतात. म्हणजे मुख्य मार्गदर्शक म्हणून दुसरे नाव लागेल, पण काम जाणणारी व्यक्ती सोबत राहील. नव्या नावाचा प्रस्ताव निवृत्तीच्या आदल्या सत्रातच मंजूर करून घ्या. प्रबंधावरील प्रमाणपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न ऐन सादरीकरणाच्या आठवड्यात उभा राहू देऊ नका.

प्रश्न : मौखिक परीक्षा होऊन समितीने पदवीची शिफारस केली. त्याच दिवसापासून नावामागे 'डॉ.' लावता येते का? — एक संशोधिका, शिक्षणशास्त्र

अभिनंदन. तरी विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत थांबावे. पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेट या विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे जमा व्हावी लागते. तेथून तो 'शोधगंगा' या भांडारात कोणालाही वाचता येतो, म्हणून परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या केलेलीच प्रत जमा होते आहे ना, हे स्वतः पाहा. त्यानंतर विद्यापीठ तात्पुरते प्रमाणपत्र देते, ज्यात पदवी आयोगाच्या विनियमांनुसार दिली जात असल्याचा उल्लेख असतो. नोकरीच्या अर्जाला हाच कागद जोडावा लागत असल्यामुळे, तो हाती येताच त्यावरील प्रबंधाचे शीर्षक आणि आपले नाव नोंदणीच्या कागदपत्रांशी अक्षरशः ताडून पाहा आणि चूक आढळल्यास त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.